स्वयंपाकघरातला काळोख

जयनगरला आमच्या घराचं बांधकाम चालू होतं. नकाशातलं प्रत्येक माप मी स्वतः तपासलं होतं. लेकीने त्याच मापांनी कॉम्प्युटरवरच्या ठोकळ्यांच्या गेममध्ये घर रचलं आणि खऱ्यासारखं ऊन पाडणाऱ्या प्रोग्रॅममधून त्याचं चित्र काढलं. चित्र हुबेहूब फोटोसारखं होतं, पण त्यात सकाळी आठ वाजता स्वयंपाकघरात काळोख!

"ऊन कुठे गेलं?"

"अप्पा, तुम्ही फक्त आपलं घर मोजलंत. मी पूर्वेच्या शेजाऱ्यांचे तीन मजलेही रचले."

स्वयंपाकघराला पूर्वेची एकच खिडकी होती. मी मिस्त्रीला फोन लावला.

"अण्णा, उद्या स्लॅब टाकू नका. छतात झरोका ठेवायचाय."

"काँक्रीटची गाडी सांगून झाली, सार."

"नको म्हणून सांगा."