जाळीच्या आत मामांची बाज

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, लकवा मारला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सगळं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेला माणूस. मेंढरं विकून घर भांडगावच्या शिवारात शेतीला लागलं, तरी मामा दुपारचे कधी घरात सापडायचे नाहीत. आता कूस बदलायलाही मी लागायचे. भिंतीकडं तोंड करून ते दिवसच्या दिवस पडून राहायचे.

माहेराहून मी कोंबड्या आणल्या त्या अंड्यांसाठी नाही. त्यांच्या नजरेसमोर काहीतरी हलतं-चालतं असावं, एवढंच डोक्यात होतं. चार-पाच तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणि एक लाल कोंबडा. मामांची बाज मी अंगणात कडुलिंबाखाली आणली आणि डाव्या हाताशी कण्यांची वाटी ठेवली. सुरुवातीला त्यांनी तिकडं बघितलंही नाही. मग एका सकाळी मी भाकरी थापत होते, आणि बाहेरून आवाज आला, "ती... ती... ती..." वाटलं, कुणी पाव्हणं आलं. बघते तर मामा! ओठ वाकडा, लाळ गळतेय, डावा हात कण्या उधळतोय आणि सगळ्या कोंबड्या बाजेखाली गोळा झालेल्या. पिठाचे हात तसेच धरून मी दारात रडत उभी राहिले.

त्यानंतर एकेक शब्द येत गेला. घार फिरायला लागली की "घार!" म्हणून ओरडायचे. मी सूप टाकून पळत यायचे. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, पिल्लं निघाली, अंगण भरून गेलं.

आमच्या घरामागं शेजारच्या आप्पांचा ऊस होता. त्यात कोल्ह्यांची जोडी राहते हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिन्हीसांजेला कोल्हेकुई ऐकू यायची. उसातल्या उंदीर-घुशींवर त्यांचं भागत असावं, आमच्याकडं ती कधी फिरकली नव्हती. ऊसतोडीची टोळी आली आणि बघता बघता रान मोकळं झालं. मागं राहिलेलं पाचटही आप्पांनी पेटवून दिलं. पलीकडच्या माळावर आधीच प्लॉटिंगचे दगड रोवलेले. त्या जोडीनं जावं कुठं?

पहिली तलंग संध्याकाळी खुराड्याकडं परतली नाही. नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत जातो. ड्युटीवरून आल्यावर त्यानं बांधावरची पिसं बघितली. "बिबट्या आसता तर कुत्रं उचललं आसतं. कोल्हंच हाय ह्ये," म्हणाला.

तरी मी एवढं मनावर घेतलं नाही. गावरान कोंबड्यांत एखादी जायचीच, असं वाटलं.

मग ती दुपार. मी घरामागच्या हौदावर धुणं धूत होते. कोंबड्यांचा एकच कालवा उठला. घार असेल म्हटलं, पण मामा ओरडले नव्हते. मी पळत आले. कोल्हा बांध ओलांडत होता, तोंडात कवडी कोंबडी, तिचे पंख अजून फडफडत होते. आणि बाज रिकामी. मामा बाजेपासून हातभर पुढं पालथे पडलेले. एका हातानं सरपटत निघाले होते. तोंडात माती, कपाळ खरचटलेलं. मी उचलायला गेले तर म्हणाले, "गेली." पुन्हा तेच, "गेली." त्यांना ओरडता आलं नव्हतं. 'घार' यायचं, पण 'कोल्हा' हा शब्द अजून जिभेवर आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी कोल्ह्याच्या हात धुऊन मागं लागले. बाभळीच्या काट्या तोडून कुंपण केलं, त्यावर जुन्या साड्या बांधल्या. कोल्हा खालून माती उकरून आला. भावानं माहेरचं कुत्रं आणून दिलं. ते दोन दिवस भुंकलं आणि हायवेच्या ढाब्यावर जे गेलं ते तिथलंच झालं. भर दुपारी रेडिओ लावून ठेवला. कोल्ह्यानं गाणी चालू असताना पिल्लं नेली.

आप्पा येऊन म्हणाले, "सूनबाई, एका मेल्या कोंबडीत औषध भरून टाक बांधावर. खेळ खल्लास."

"आन् आमच्याच कोंबड्यांनी त्याला चोच लावली तर? कुणाचं कुत्रं मेलं तर?"

"मग बस हात जोडून."

खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला ते विष हवंहवंसं वाटलं होतं. पण अंगणात मातीचा कण न् कण टोचणाऱ्या कोंबड्या बघितल्या आणि तो विचार सोडला.

शेवटी उरलेल्या सगळ्या खुराड्यात कोंडल्या. कोंबड्या वाचल्या, पण मामा खचले. अंगण रिकामं झाल्यावर त्यांनी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. मी पेजेचा चमचा तोंडाशी न्यायची, ते दात आवळून घ्यायचे. अंग झपाट्यानं वाळत चाललं. आंघोळ घालताना बरगड्या हाताला लागायच्या.

नवरा आला की मी त्याच्यापुढं उभी राहायची. "सोडल्या तर कोल्हा नेतोय, कोंडल्या तर मामा चालले. मी काय करू त्ये तरी सांगा."

तो बूटही न काढता ओट्यावर टेकायचा. "मला काय इचारती? मी दिसभर रिॲक्टरपाशी उभा आसतो. दिऊन टाक कोंबड्या म्हायेरी."

रस्त्यापलीकडं एक पोल्ट्री शेड बंद पडली होती. मालकाला विचारून तिथली जुनी जाळी मी ओढत आणली. लिंबाभोवती चर खणला, जाळी खाली गाडली, वर बांधावरचे दगड रचले. वरूनही जाळी टाकली. तारेनं बोटं फाटली. आणि सगळं झाल्यावर मामांची बाजही मी आत नेली, कोंबड्यांमध्ये.

मामांनी त्या दुपारी वाटीभर पेज घेतली.

पण आमचं अंगण रस्त्यावरून दिसतं. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि तो गावाच्या ग्रुपवर फिरला. नवऱ्याला तो कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या दिसला. घरी आला तो लालबुंद होऊन. "बापाला खुराड्यात घातला व्हय गं? लोक तोंडात शेण घालत्यात माज्या!" पक्कड घेऊन तो तारा सोडायला लागला. मी आडवी गेले, त्यानं मला बाजूला सारलं. तेवढ्यात सुटलेल्या जाळीच्या फटीतून मामांचा डावा हात बाहेर आला आणि त्यानं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले.

नवऱ्याच्या हातातली पक्कड गळाली. लकव्यानंतर बाप त्याच्याशी पहिल्यांदा बोलला होता. तो आत गेला आणि जेवला नाही.

कोल्हे यायचे थांबले नाहीत. दोन्ही दिवसाढवळ्या जाळीशी येऊन बसायचे. पोटं खपाटीला गेलेली. मामा काठीनं जाळी बडवायचे. कोल्हे जरा मागं सरायचे, पण जायचे नाहीत. मीही दगड मारून मारून थकले. एकदा तर मी त्यांच्यापुढं चक्क हात जोडले, "जा रे बाबांनो, दुसरीकडं कुठंबी जा." ते माझ्याकडं नुसते बघत राहिले.

आणि एका पहाटे, मामांना बाहेर आणायच्या आधीच, जुनी जाळी एका कोपऱ्यात गंजलेल्या जागी फाटली. मी पोचले तेव्हा नुसती पिसं आणि रक्त. नेता येतील त्याहून जास्त मारून टाकल्या होत्या. लाल कोंबडा आणि एक तलंग लिंबाच्या फांदीला चिकटून बसलेली, खाली यायला तयार नव्हती. मी मातीत बसले. वाटलं, आता हे मामांना कसं दाखवायचं? दाखवलंच नाही तर ते उद्या जेवतील का?

मी आत येऊन नुसतं म्हटलं, "मामा, आज घरातच बसू."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. हाताला पिसं चिकटली होती. "ने," म्हणाले.

मी आणि नवऱ्यानं त्यांना उचलून नेलं. मग वाटीतल्या कण्या त्यांनी फांदीवरच्या त्या दोघांसाठी लिंबाच्या बुंध्याशी टाकल्या. नवरा हे बघत उभा होता. सुट्टीच्या दिवशी तो कुणाला न सांगता नवी जाळी आणि सिमेंट घेऊन आला. दिवसभर खडी कालवत बसला. माहेरी फोनही त्यानंच केला, "अजून कोंबड्या मिळत्याल का?"

मागं आप्पांचा खोडवा, तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेला ऊस, आता डोक्याएवढा झालाय. कोल्हेकुई पुन्हा उसातून येते. ऊस परत तुटेल तेव्हाची भीती मला आहेच. रोज जाळीचा कोपरा न् कोपरा हातानं चाचपल्याशिवाय मला चैन पडत नाही. मामांना आता चार-सहा शब्दच येतात, त्यात वाढ नाही. सुट्टीच्या सकाळी नवरा दोन कप चहा घेऊन जाळीच्या आत जातो आणि त्यांच्या बाजेवर बसतो. जाळीच्या दाराची कडी बाहेरून मी लावते.