आप्पांचं हॉटेल कुणामुळे बंद पडलं

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आधी वाटायचं, बायकोच्या कानावर जाईल. मग वाटायचं, आप्पांचा मुलगा दारात येऊन उभा राहील. आता बायको राहिली नाही, भीती मात्र होती तिथंच आहे. तरी लिहितो, कारण गेल्या महिन्यात मोबाइलवर एक खोटी गोष्ट वाचली, आणि खरं काय झालं हे ठाऊक असलेला मी एकटाच आहे.

दौंडच्या जुन्या मंडळींचा एक ग्रुप आहे. बंद पडलेली हॉटेलं, बसायच्या जागा, यांच्या आठवणी त्यावर येतात. मीही हौसेनं लिहायचो. मूळचा मी शिरूरचा, म्हणून आधी तिथल्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलाबद्दल लिहिलं. गार फरशीची टेबलं, बरणीतली खारी, आणि गिऱ्हाईक बसायच्या आत आतल्या भटारखान्याकडं तोंड करून ओरडणारा वेटर. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून परतणारी माणसं भाजीच्या पिशव्या पायांत धरून तिथं चहा प्यायची. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागलो आणि दौंडला आलो, तेव्हाच्या स्टेशनाबाहेरच्या हॉटेलांबद्दलही लिहिलं. गाडीचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावेपर्यंत प्रवासी धावत बाहेर यायचे आणि शिट्टी झाली की तोंडात भजं कोंबून पळायचे. लोकांना आवडलं.

मग कुणीतरी आप्पांच्या हॉटेलाचा फोटो टाकला. खाली एकानं लिहिलं, "काय मिसळ होती राव! सुनेनं कुरकुंभच्या कंपनीतनं कोरोना आणला, सासरा गेला आन् हॉटेल बुडालं." त्याखाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. मी मोबाइल पालथा टाकला.

आप्पा म्हणजे त्या हॉटेलाचे मालक. सहा टेबलांचं हॉटेल. आप्पांची जीभ तंबाखूनं मेलेली होती, असं ते स्वतःच सांगायचे. म्हणून रोज सकाळी रश्शाची पहिली वाटी माझ्यापुढं यायची. "बाबू, बघा." मी दोन घोट घ्यायचो, "हां" म्हणायचो, मगच पहिली प्लेट भरली जायची. मीठ कमी म्हणालो तर मीठ पडायचं, तिखट म्हणालो तर गूळ. वीसेक वर्षं हे चाललं. बाहेरगावचा कुणी घाई करायला लागला की आप्पा म्हणायचे, "थांबा, अजून पार्सलबाबूची सही झाली न्हाई." मला त्याचा फार अभिमान होता.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी पावसाळ्यात हॉटेलात बसायला बंदी होती, फक्त पार्सल चालायचं. पण सकाळी शटर अर्धं खाली ओढून आप्पा आम्हा तिघांना आत घ्यायचे. मी, एक रिटायर इंजिन ड्रायव्हर आणि पलीकडचा पिठाच्या गिरणीवाला. वाकून आत शिरायचं, खोकला आला तर दाबायचा. बाहेर गाडीचा आवाज झाला की चौघंही गप्प. पोलीस की अँब्युलन्स, दोन्हीची सारखीच भीती. आमच्या शेजारची गल्ली पत्रे ठोकून बंद केली होती. तिथल्या एका म्हाताऱ्याला गाडीत बसवून नेताना मी खिडकीतून पाहिलं होतं. तो परत आला नाही.

आप्पांची सून कुरकुंभला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. औषधांचं काम म्हणून कंपनी चालू राहिली, बस न्यायला यायची. घरात म्हातारं माणूस आहे म्हणून ती आपणहून मागच्या खोलीत वेगळी राहायची. ताट दाराशी ठेवलेलं घ्यायची, हॉटेलात पाऊल टाकायची नाही. हे आम्ही तिघंही बघत होतो.

एका रविवारी मला कणकण आली. अंग दुखलं. मी गोळी घेतली आणि बायकोला सांगितलं, पाऊस लागला. तिला दमा होता. मला कोरोना सेंटरमध्ये नेलं तर ती एकटी पडेल, तिलाही नेलं तर ती जगणार नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं. सोमवारी ताप उतरला. मंगळवारी गेलो नाही तर लोक विचारतील, या भीतीनं हॉटेलात गेलो.

आप्पांनी वाटी पुढं केली. वाफ तोंडावर आली, पण वास आला नाही. मी घोट घेतला. तोंडात फक्त गरम पाणी. दुसरा घोट घेतला, काहीच नाही. वास जाणं म्हणजे काय, हे तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं. तिघं माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी म्हणालो, "हां."

ड्रायव्हरनं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आयला, आप्पा, समुद्र वतलाय का काय?"

"दोनदा मीठ पडलंय," गिरणीवाला हसला. "बाबूंनी सही कशी केली?"

"बाबूंची जीभ बी रिटायर झाली म्हणा की!" ड्रायव्हर म्हणाला.

मीही हसलो. म्हणालो, "तुम्हाला घरी बायका अळणी घालतात, त्याला मी काय करू?" सगळे हसले. आप्पा मात्र माझ्याकडं बघत होते. त्यांचा माझ्यावर फार भरवसा होता. "बाबू चुकायचे न्हाईत," ते म्हणाले, आणि माझ्या पुढ्यातली, माझी उष्टी वाटी उचलून तोंडाला लावली.

ती वाटी टेबलावरून उचलली गेली, ओठांपर्यंत गेली. तेवढ्यात मला 'आप्पा, नको' म्हणता आलं असतं. हात पुढं करता आला असता. मी बघत राहिलो. त्यांनी दोन मोठे घोट घेतले आणि म्हणाले, "व्हय रं, माझ्या मेल्या जिभेला बी खारट लागतंय."

पाचव्या दिवशी आप्पांना धाप लागली. पुण्याला नेलं. अकरा दिवसांनी निरोप आला. कुणाला तोंड बघता आलं नाही.

त्या दिवसांत मी दार लावून बसलो होतो. बाहेर चप्पल वाजली की वाटायचं, कळलं. ड्रायव्हरला नुसतं पडसं होऊन गेलं, गिरणीवाल्याला काही झालं नाही, आणि माझ्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. कंपनीतली सून.

तिनं कंपनीतल्या तपासणीचा कागद सगळ्यांना दाखवला. रिपोर्ट निगेटिव्ह होता. "कंपनीचे कागद कंपनीच्याच सोयीचे," लोक म्हणाले. तिचा नवराही तेच म्हणायला लागला. एका सकाळी ती माझ्या दाराशी आली, लांब उभी राहिली.

"आबा, तुम्ही रोज बसत हुता. तुम्ही तरी सांगा की यास्नी. मी हॉटेलात पाय तरी ठेवला हुता का?"

मी दार जेमतेम चार बोटं उघडलं होतं. म्हणालो, "पोरी, माझं कोण ऐकतंय?"

ती माहेरी यवतला गेली. नवऱ्यानं परत आणली नाही. हॉटेलाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणेल, कुणाकडून कुणाला झालं ते सांगता येत नाही. पण ती वाटी डॉक्टरनं पाहिली नव्हती. मी पाहिली होती.

ग्रुपवरचं ते वाचल्यावर मी तीनदा यवतला गेलो. हायवेला तिनं स्वतःचं चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल टाकलंय. दोन वेळा रस्त्याच्या पलीकडं उभा राहून परतीची बस धरली. तिसऱ्या वेळी आत गेलो. तिनं लगेच ओळखलं. पदरानं बाकडं पुसलं.

"आबा, किती वाळलाय! काकी कशा हायेत?"

"गेली."

तिनं चहा ठेवला आणि समोर बसली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलली.

"एक सांगू का, आबा? तवा सगळं गाव मला बोललं. माझा नवरा बोलला. तुम्ही एकटं वाईट बोलला न्हाई. लई आधार वाटला त्याचा. अजून आईला सांगती मी."

मी चहा तसाच ठेवला. उठताना बाकडं धरावं लागलं. तिला वाटलं, वय झालं. तिनं रस्ता ओलांडून दिला, बस थांबवली, कंडक्टरला सांगितलं, "आबास्नी नीट उतरवा."

बस सुटली तेव्हा ती अजून उभी होती. मला तिला एवढंच म्हणायचं होतं: पोरी, तुझ्या सासऱ्यांना दुखणं माझ्यामुळं झालं. मला ते तेव्हाच ठाऊक होतं. तुझ्यावर आळ आला तेव्हाही ठाऊक होतं, आणि मी दार लावून घेतलं. मला माफ कर.