मानाच्या बैलाची रिबन

नेकनूरच्या राधाकिशनचं गिफ्ट सेंटर एवढंसं, की तिसरं गिऱ्हाईक आत शिरायचं तर पहिल्यानं बाहेर यावं. तोरा मात्र पार बीडपर्यंत पोचलेला! डबा असो की भिंतीवरचं घड्याळ, आत काय आहे याला त्याच्या लेखी किंमत नाही. रिबन बघून माणूस हरखला पाहिजे.

गावातलं बडं प्रस्थ सुंदरराव. त्यांनी नातीच्या बारशाला वाटायचे स्टीलचे डबे याच्याकडून बांधून मागितले, तेव्हा राधाकिशन बीडच्या बाजारात अख्खी दुपार रिबनी बघत बसला. एक ओढून पाहिली, एक गालावर फिरवली, एक मनगटाला बांधून आरशात न्याहाळली.

"शेट, रिबन घेताय का सोयरीक जमवताय?" व्यापारी वैतागला.

शेवटी सोनेरी काठाची गुलाबी पसंत पडली. सुंदरराव खूश झाले की तालेवारांची सगळी कार्यं आपल्याच दुकानात, अशी स्वप्नं बघत त्याने डबे बांधले आणि एक नमुना त्यांच्याकडं धाडला. उरलेली रिबन दिमाखात काउंटरवर मांडून पुरणपोळी खायला घरी गेला आणि तिथंच घोरू लागला.

दिवस पोळ्याचा. दुकानात बायको, छबुबाई. गावातला शेतकरी सटवा बैलांसाठी रिबन मागायला आला. तिनं नेहमीची साधी पुढं केली.

"आमच्या सर्ज्याला ही फडतूस कावून? ती गुलाबी द्या की वैनी!"

सटवाच्या बैलाला गुलाबी म्हटल्यावर बाकीचे कसले मागं राहतात!

संध्याकाळी बैल मारुतीपुढं आले आणि राधाकिशन झोपेतले डोळे चोळू लागला. जिकडं बघावं तिकडं शिंगावर सोनेरी काठाची गुलाबी फुलं! त्यातून सुंदरराव तरातरा त्याच्याकडंच आले. मागं त्यांची म्हातारी आई, चंद्रभागाबाई.

"काय बे, माझ्या नातीच्या डब्याला आन् बैलाच्या शिंगाला एकच रिबन? लोक हसतील! ऱ्हाऊ दे तुझे डबे. मी बीडहून आणतो."

राधाकिशन हळूच बायकोच्या मागं सरकला. छबुबाई थोडीच मागं सरणार! ती म्हातारीकडं वळली.

"आत्याबाई, समद्यात म्होरं मानाचा बैल कुणाचा हाय?"

"आमचाच की गं!"

"मंग त्याच्या शिंगाला काय हाय, बघा."

तिथंही गुलाबीच. सुंदररावांच्या गड्यानंच दुपारी नेलेली.

म्हातारी खुलली. "सुंदर, आता तुझ्या बैलाची बी सोडतो का? मानाच्या बैलानं बांधली, तीच माझ्या पणतीला पायजे. हासंल त्याचं त्वांड मी बघते."

सुंदररावांनी तिथूनच गडी डबे न्यायला धाडला. डबे गेले, आणि लई गाजले.

अजूनही राधाकिशन बीडहून रिबन आणतो, ओढतो, गालावर फिरवतो. मग हळूच छबुबाईला विचारतो, "शिंगावर कशी दिसंल गं?"