गेरूची रेघ

सिनेमागृहात खुर्चीचा हात शेजाऱ्याने व्यापला, तर मी स्वतःचा हात निमूटपणे मांडीवर ठेवतो. त्याच्याशी भांडण्याची कल्पनाही मला अंगावर शहारे आणते. अशा मनुष्याने, निवृत्तीनंतर इतिहासाच्या एम.ए.ला बहिःस्थ विद्यार्थी म्हणून नाव घालावे आणि पहिल्याच स्वाध्यायात ‘प्राचीन राज्यकर्ते प्रतिस्पर्धी साम्राज्ये का जिंकू पाहत?’ हा प्रश्न समोर यावा, यात नियतीची थोडी थट्टा होती खास.

मी चार कारणे सुवाच्य अक्षरात लिहिली: सुपीक भूमी, व्यापारी मार्ग, खंडणी आणि कीर्ती. पुस्तकात होती तशीच. शिवाय आपल्याच नाशिकसाठी सातवाहन आणि क्षत्रप कसे झगडले आणि विजयी सातवाहन राजाने क्षत्रपाची चांदीची नाणी न वितळवता त्यांच्यावरच आपला ठसा कसा उमटवला, हेही लिहिले. उत्तर बिनचूक होते. पण त्यातले एकही कारण मला आतून कळले नव्हते.

ते कळले कुरडयांमुळे.

आमच्या इमारतीच्या दोन भागांना मिळून एकच गच्ची आहे. तिच्या मधोमध एक गेरूची रेघ. रेघेपलीकडचा भाग समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा. तिथे कोवळे ऊन पहिल्यांदा उतरते. अलीकडचा भाग आमचा. त्यावर दहा वाजेपर्यंत पाण्याच्या टाकीची सावली असते. ही रेघ बाईंनी पूर्वी कधीतरी स्वतः मारलेली होती आणि ती ओलांडण्याचे कुणाच्या मनातही आले नव्हते.

या चैत्रात मुलीच्या सासरीही कुरडया पाठवायच्या म्हणून पत्नीने दुप्पट गहू भिजत घातला. तीन दिवस पाणी बदलून, वाटून, गाळून चीक तयार झाला. शिजवलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा लागतो. गार झाला की घट्ट होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पहाटे चीक ढवळता ढवळता तिने मला फर्मावले, “अहो, वर जाऊन कागद अंथरा आणि लगेच खाली या. पातेलं मला एकटीला उचलणार नाही.”

मी प्लास्टिकचा कागद घेऊन वर गेलो. पांडवलेण्यांच्या डोंगरावर नुकतेच तांबूस झाले होते. कागद अंथरला, तो वीतभर रेघेपलीकडे गेला. मागे ओढायला वाकलो आणि थबकलो. पलीकडची फरशी किती लख्ख दिसत होती! वीतभराने काय होते, असे म्हणून मी कागद तसाच ठेवला. मग वाटले, कडेला बाईंनी काही वाळत घातले तर त्यांची धूळ आमच्या कुरडयांवर येईल. म्हणून बचावासाठी आणखी हातभर घेतले. त्या हातभराच्या बचावासाठी दुसरा कागद अंथरला. त्याच्या रक्षणासाठी तिसरा. चौथा कठड्याला टेकला, तेव्हा मी ओल्या फडक्याने गेरूची रेघ पुसून तिच्या जागेवर खडूने आमचा घरक्रमांक लिहीत होतो आणि, सांगायला लाज वाटते, गुणगुणत होतो. एकसष्ट वर्षांत इतके हलके मला कधी वाटले नव्हते. गच्चीच्या चारही कोपऱ्यांना जाऊन मी दगड ठेवून आलो. एका कोपऱ्यावर तर उगाचच दोन ठेवले.

जिन्यात धापा ऐकू आल्या. पातेले कापडात धरून पत्नी वर आली होती, एकटीच.

“अर्धा तास! अर्धा तास मी हाका मारतेय! आणि हे काय हो? एवढी गच्ची कशाला व्यापलीत? सोऱ्या एकच आहे आपल्याकडे!”

“ऊन चांगलं आहे इकडे,” मी पुटपुटलो.

“इकडे म्हणजे बाईंच्यात? अहो, दरवर्षी दुसरा सोऱ्या घेऊन हात लावायला कोण येतं, आठवतंय ना? बाईच येतात! आता येतील का त्या?”

माझ्या साम्राज्याच्या मध्यभागी चिकाची वाफ विरळ होत चालली होती. पत्नी भराभर पाडू लागली. पण एका सोऱ्याने दुप्पट चीक उरकणे अशक्य आहे, हे मलाही दिसत होते. जाऊन क्षमा मागायची सोडून मी कोपऱ्यातला दगड उगाच सरळ करत राहिलो.

तेवढ्यात बाई दारात उभ्या राहिल्या. हातात सोऱ्या. त्यांनी फरशीकडे पाहिले.

“भाऊजी, माझी रेघ कुठे गेली?”

माझी जीभ अशा वेळी टाळूला चिकटते. त्या दिवशी मात्र ती कुणी चालवली, देव जाणे. “बाई, ती... सातवाहनांनी पुसली.”

मग चाळीस वर्षे वर्ग गप्प करणाऱ्या त्या बाई कठडा धरून इतक्या हसल्या, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ‘काय झालं हो?’ म्हणून विचारले.

“बरं तर! मग क्षत्रपांना आधी वाटीभर चीक, दूध-साखर घालून. त्याशिवाय सोऱ्याला हात लावायची नाही मी!”

मी दोन-दोन पायऱ्या उतरत दूध-साखर आणायला पळालो. खंडणी पोचली. दोन सोरे सुरू झाले. मी मधे उभा राहून गरम गोळे भरून देत होतो, बोटे भाजत होती आणि आम्ही तिघेही विनाकारण हसत होतो. पातेल्याचा तळ दिसला तेव्हा शेवटचा गोळा अजून कोमट होता.

दुसऱ्या संध्याकाळी कुरडया कडकडीत वाळून डब्यात गेल्या. स्वाध्यायातल्या चार कारणांखाली मी बारीक अक्षरात पाचवे लिहिले: ‘सकाळच्या उन्हात दुसऱ्याची जमीन फार जवळ दिसते.’ गुण कापले जातील, म्हणून पुसणार होतो, पुसले नाही.

त्यानंतरच्या सकाळी गच्चीवर गेलो, तर दोन्ही भागांवर बाईंचे पापड पसरलेले. टाकीच्या सावलीतही पसरलेले, जिथे वाळण्याची काही आशाच नव्हती. नवी गेरूची रेघ थेट आमच्या जिन्याच्या उंबऱ्याशी. चारही कोपऱ्यांवर दोन-दोन दगड.

मी धावत खाली आलो.

“काय झालं? का हसताय एवढे?” पत्नीने विचारले.

“सांडगे करू या,” मी म्हणालो. “घरात डाळ किती आहे?”