झाकलेले देव

चूक माझी होती, आणि ती मी देवीच्या देवळात, चारचौघांसमक्ष केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे घडलं त्याचं श्रेय कुणी मला देणार नाही.

आमच्या मोखाड्यात उन्हाळ्यात जगदंबेचा बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून संबळ-पिपाणीवर सोंगं नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. नरसिंहाचा मान काशिनाथच्या घराचा. काशिनाथ माझा शाळेपासूनचा सोबती. उतारावर नागली-वरी पिकवतो, बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात बसून माझाच चहा पितो आणि मलाच टोमणे मारतो. त्याची मुलगी मंगल वसईला नर्सचं काम करते. गेल्या वर्षी तिने तिथल्याच एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. यंदा बोहाड्याच्या बैठकीत, कुणी विचारलं नसताना, मी पंच म्हणून बोललो, "काशिनाथ, तुझ्या घरात आता क्रूस आला. यंदा नरसिंह दुसऱ्या घराला देऊ." देवीला बाट लागू नये असं मला खरोखर वाटत होतं, की माझ्या शब्दाला वजन आहे हे दाखवायचं होतं, ते आजही नक्की सांगता येत नाही. बाकीचे पंच खाली बघत राहिले. काशिनाथ उठला. "मुखवटा घरी गुंडाळलेला हाय. जवा न्यायचा तवा ने," एवढंच म्हणाला. मुखवटा आणायला जायचा धीर मला झाला नाही. दुकानातली त्याची जागा मात्र रिकामी राहू लागली.

मन शांत व्हावं म्हणून मी देवीचे कडक उपास धरले. मला साखरेचा आजार आहे. बायको ओरडत होती. तशाच उपाशीपोटी एके दिवशी आजारी मेहुण्याला भेटायला वसईला निघालो. जव्हारच्या डेपोत गाडी बदलली, घाट उतरलो आणि खालचा उकाडा अंगावर आला. मेहुण्याला भेटून परतताना एका चौकात रस्ता चुकलो. चौकाच्या मधोमध चुन्याने रंगवलेला दगडी क्रूस, त्याला ताज्या झेंडूचा हार. बाजूला फुलं, भाजी, सुकी मासळी घेऊन बसलेल्या बायका. आणि समोर ते चर्च. पोर्तुगीजांच्या काळातलं, असं नंतर कळलं. पांढरीशुभ्र उंच दर्शनी भिंत, दोन्ही अंगांना बुरूज, मधे गोल खिडकी. इतकं मोठं असूनही ते चौकावर दडपण आणत नव्हतं; घरातलं वडीलधारं माणूस ओट्यावर बसून सगळ्यांवर नजर ठेवतं, तसं वाटत होतं. बघता बघता माझे हात थरथरू लागले, घाम फुटला आणि क्रुसाच्या पायरीवर मी मटकन बसलो.

"काका, साखर कमी झाली काय? आमच्या घरीही असंच होतं," फुलं विकणाऱ्या एका बाईने म्हटलं. पिशवीतून तिने सुकेळी काढली. वाळवलेली केळी ती, मधासारखी गोड. मी मान हलवून उपास आहे म्हणालो. ती हसली. "मग? केळंच आहे, मटण नाही. आमचाही उपवासकाळच चालू आहे. देवाला माणूस उभा लागतो काका, आडवा नाही." तिने मला खाऊ घातलं, पाणी पाजलं आणि सावलीत बसा म्हणून हाताला धरून चर्चमध्ये नेलं.

आत पाऊल टाकताच उन्हाचा त्रास कुठल्या कुठे गेला. भिंती हातभर नाही, दोन्ही हात पसरावेत इतक्या जाड. वर सागवानी तुळयांचं छत. समोर वेदीमागे जमिनीपासून छतापर्यंत लाकडी कोरीव काम, सोनेरी रंगाचं. त्यात वेली, द्राक्षांचे घोस, गोबऱ्या गालांचे पंखवाले देवदूत. त्यांचे टपोरे डोळे आणि रंगवलेले गाल पाहून मी दचकलो. हे चेहरे माझ्या ओळखीचे होते. लाकूड कोरून, रंग चढवून, माणसाच्या हाताने असाच देव आमच्याकडेही उतरतो. पण मोठ्या मूर्ती मात्र जांभळ्या कापडाने झाकलेल्या होत्या. का, म्हणून मी विचारलं. "ईस्टरच्या आधी झाकतात," ती म्हणाली. "तोवर आपण आपल्याकडे बघायचं. मग देव पुन्हा दिसतो."

काशिनाथच्या घरी, कापडात गुंडाळलेला नरसिंह माझ्या डोळ्यांपुढे आला.

मी मोखाड्याचा, हे कळताच तिचा चेहरा उजळला. "अहो, आमच्या आळीत मोखाड्याची सून आहे! मंगल. तिचे वडील नरसिंह होऊन नाचतात म्हणे. सांगताना पोरीच्या डोळ्यांत पाणी येतं. यंदा आम्ही सगळी आळी गाडी करून येणार आहोत बघायला. सासू तर आत्ताच विचारतेय, देवीला फुलं कुठली चालतात. तुमची ओळख असेल ना त्यांची?"

"आहे," मी म्हणालो. काशिनाथने लेकीला काहीच सांगितलं नव्हतं. मी केलेला अपमान त्याने एकट्याने गिळला होता. त्या थंडगार फरशीवर, झाकलेल्या देवांपुढे बसून मी रडलो. निघताना बाईने झेंडूची फुलं कागदात बांधून दिली. "देवीला घाला आमच्याकडून," म्हणाली.

त्या शहरात चौक कितीतरी. मी याच चौकात का बसलो, याच बाईने का विचारलं, याचा उलगडा मी करत नाही. इतकंच वाटतं, की देवीला राखायला निघालेला मी उपाशी पडलो, तेव्हा तिनेच मला परक्या दारात नेऊन जेवू घातलं. तिला माझ्या राखणीची गरज नव्हती.

परतल्यावर पंचांना देवळात बोलावलं. काशिनाथलाही निरोप धाडला. तो आला तो मुखवटा डोक्यावर घेऊन. आपल्याला तो द्यायलाच बोलावलंय, अशी त्याची समजूत. माझ्यापुढे ठेवत म्हणाला, "घे रं पंचा. नीट सांभाळ. नाक तुझ्यागतच फेंदारलेलं हाय त्याचं."

मी देवीला ती फुलं वाहिली, ती कुणी दिली ते सगळ्यांना सांगितलं आणि जिथे बसून तसं बोललो होतो त्याच जागी काशिनाथचे पाय धरले. तो मागे सरकू लागला, तरी सोडले नाहीत.

"काशिनाथ, मी चुकलो. मान देवीने दिला होता, मी कोण काढून घेणारा? तू नाच. तुझी लेक, जावई, त्यांची सगळी आळी येतेय. त्यांना माझ्या घरी उतरू दे. आणि जमलं तर मला माफ कर."