वहिनीची गाडी

दादाला शेवटचं पाहिलं तेव्हा तो रत्नागिरीतल्या आपल्या अंगणात गाडीच्या टपावर ओणवा होता. एक बादली साबणाची, दुसरी फडकं खळबळायची. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाला, "आधी बांगड्या काढ." बहीण ठाण्याहून आल्ये, तिला चहा तरी विचारावा... ते सगळं नंतर. पुढच्याच आठवड्यात तो झोपेत गेल्याचा फोन आला.

जन्मभर बोटीवर इंजिनात काढलेला माणूस. निवृत्त झाला आणि नजर अधू झाली, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. तेव्हा वहिनी या वयात गाडी शिकली आणि दादा शेजारच्या सीटवर बसायला लागला. आळीतले लोक त्याला बायकोचा क्लीनर म्हणायचे, आणि तोही मजेत हो म्हणायचा. आमच्याकडची जांभ्याची लाल धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. म्हणून आधी नुसतं पाणी सोडून ती वाहू द्यायची, मग वरून खाली हलक्या हाताने धुवायचं. फडकं जमिनीवर पडलं की ते बाद. शेवटी वहिनीचं जुनं सुती पातळ पत्र्यावर पसरायचं आणि नुसतं पाणी टिपून घ्यायचं, घासायचं नाही. एवढं सगळं कशासाठी, तर तिची गाडी नवी दिसावी म्हणून.

आणि बाराव्याला आमच्या थोरल्या भावाच्या मुलाने, मंगेशने, काय करावं? गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून धुळीने माखलेली गाडी कोरडीच, भांडी घासायच्या नारळाच्या सोडणाने खसाखसा घासली. गडद निळ्या बॉनेटवर गोल गोल चरे उठले. मला संताप चऱ्यांचा आला नाही. गाडी विकायची हे ओटीवर बसून पुरुषांनी ठरवलं होतं आणि जी ती रोज चालवते ती आत पानं वाढत होती! मी जाब विचारला तर मंगेश शांतपणे म्हणाला, "आत्या, गाडी काकांची होती. काकू आता एकट्या कुठे जाणार?" ओटीवरच्या एकानेही मान वर केली नाही. त्यांतल्या कितीजणांना तिने पावसापाण्यात दवाखान्यात पोचवलं होतं... याचा मला आजही राग येतो.

वहिनी बाहेर आली. बॉनेटवरून हात फिरवून मला म्हणाली, "सोडणानं घासलीन गो." बस, तेवढंच. मग सगळ्यांसमोर तिने बादल्या भरल्या, गाडी धुतली, पातळ पसरून टिपली आणि किल्ली कमरेला खोचली. गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याला तिनेच सांगितलं, "गाडी माझी आहे. विकायची नाही."

परवा तिच्याकडे गेले होते. चरे तसेच आहेत. गाडी धुऊन झाल्यावर तिने ते ओलं पातळ घडी करून शेजारच्या सीटवर ठेवलं. सीट ओली होईल, दादा ओरडला असता, असं मी म्हटलं.

"ओरडू दे," वहिनी म्हणाली, आणि मला मागे बसायला सांगून तिने गाडी सुरू केली.