मी न सोडलेली जागा

आमच्या घरात माझ्या परीक्षेची तयारी सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायची. पप्पा आंघोळ उरकून, कोर्टात जायचा पांढरा शर्ट घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे आणि मला एक भांडण सांगायचे. भांडणं सगळी आमच्याच कॉलनीतली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी गच्चीतल्या पाण्याच्या टाकीला स्वतःचं कुलूप लावलं. समोरच्यांनी ते तोडलं. आता भरपाई कोणी कोणाला द्यायची? आधी नियम सांगायचे, मग हकीकत. मी तावातावाने बोलायला लागले की चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "हे तुला वाटतंय. नियमात कुठंय ते?"

पप्पा नाशिकच्या कोर्टात दिवाणी दावे चालवतात. जमिनीच्या वाटण्या, बांधाची भांडणं, रस्त्याचे हक्क. मूळचे आम्ही चांदवडकडचे. गावातली शेती मोठ्या काकांकडे राहिली आणि पप्पा शिकून वकील झाले. आईचं सरकारी ऑफिस नाशिक रोडला, म्हणून आम्ही तिकडेच राहायचो. मी एकुलती एक. अकरावीत असताना मी वकील व्हायचं म्हटलं, तेव्हा पप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच आठवड्यात मला बिटको चौकाजवळच्या एका क्लासमध्ये नेऊन घातलं. क्लास क्लॅटचा, म्हणजे देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा. राज्याची सीईटीही द्यायची होतीच, पण क्लासमध्ये सगळे बोलायचे ते क्लॅटबद्दल.

क्लासने सराव परीक्षा घ्याव्यात आणि पप्पांनी रविवारी त्या उसवून बघाव्यात, असं आमचं चालायचं. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात, त्यामुळे ते सारखे ओरडायचे, "नेमकं माहीत नसेल तर सोडून दे ना, अंदाजपंचे कशाला?" अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावायचे आणि मध्येच थांबवून विचारायचे, "लेखकाला खरं काय म्हणायचंय?" मला आजही एखादा निकाल वाचताना त्यांचाच आवाज ऐकू येतो. एवढं चांगलं मला पुढे कॉलेजातही कोणी शिकवलं नाही.

मग अर्ज कुठे करायचा हे ठरवायची वेळ आली. "पसंतीक्रम तू लाव," पप्पा म्हणाले, "शिकायचं तुला आहे." मी क्लासमधल्या सीनियर मुलींना फोन केले. कुठलं ग्रंथालय रात्री उघडं असतं, कुठल्या हॉस्टेलला पाण्याचे हाल आहेत, कुठे मूट कोर्ट, म्हणजे विद्यार्थ्यांचे सरावाचे खटले, जोरात चालतात, सगळं गोळा केलं. पप्पा समोर बसून उलटतपासणी घ्यायचे. "हे वर का? ते खाली का?" मी दक्षिणेकडचं एक विद्यापीठ बरंच वर ठेवलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "तिकडे रोज भात खावा लागेल हं. आणि भाषेचं काय करशील?" मी म्हटलं, शिकेन. त्यांनी मान डोलावली. आईनं शेंगा सोलता सोलता आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. तेव्हा मला वाटलं, तिला या चर्चेचा कंटाळा आलाय.

बारावीनंतरच्या उन्हाळ्यात निकाल लागला आणि मला तेच दक्षिणेतलं विद्यापीठ मिळालं. मी किंचाळले. आईनं देवापुढे साखर ठेवली. पप्पांनी लॅपटॉपचा पडदा स्वतःकडे वळवून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अरे वा." फक्त अरे वा. मला वाटलं, माणूस भारावून गेलाय.

जागा पक्की करायला सुरुवातीची रक्कम ऑनलाइन भरायची होती. खातं पप्पांचं, ओटीपी त्यांच्या फोनवर. पहिल्या दिवशी ते म्हणाले, बँकेचं सर्व्हर चालत नाहीये. मग म्हणाले, जरा चौकशी करू, घाई काय आहे. शेवटच्या दिवशी सकाळी ते घाईघाईनं निघाले. "घोटीला जातोय, एका अशिलाची जमीन बघायचीय. दुपारी फोन कर, ओटीपी सांगतो."

दुपारी फोन बंद. परत केला, बंद. मी आईला ऑफिसात फोन केला. तिचंही पगाराचं खातं होतं.

"आई, तुझ्या खात्यातून भरू या ना. पाचपर्यंतच मुदत आहे."

ती म्हणाली, "त्यांना विचारल्याशिवाय मी कशी भरू?"

"अगं, त्यांचा फोन लागत नाहीये म्हणून तर तुला केला."

"लागेल. थोड्या वेळानं लाव," असं म्हणून तिनं ठेवून दिला.

घोटीला रेंज नसेल, पण त्यांच्या कारकुनाकडे त्या अशिलाचा तरी नंबर मिळेल, या आशेनं मी रिक्षानं सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात गेले. कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "साहेब? बार रूममध्ये आहेत की."

पप्पा खरोखरच तिथे होते. दोन वकिलांबरोबर चहा पीत बसले होते. फोन टेबलावर पालथा ठेवलेला. एक वकीलकाका मला बघून मोठ्यानं म्हणाले, "या या, भावी वकीलबाई!" पप्पांचा चेहरा पडला नाही. ते फक्त थोडे थकल्यासारखे दिसले.

"तुम्ही घोटीला होता ना?"

"नाही गेलो."

"बरं, फोन चालू करा. अजून वेळ आहे. मी इथूनच भरते."

"बस आधी. चहा घेतेस?"

"पप्पा, फोन."

ते उठले आणि मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले. तिथे पक्षकारांची गर्दी होती. कोणीतरी आपल्या नावाचा पुकारा झाला का म्हणून विचारत होतं. पप्पा भिंतीशी उभे राहिले आणि म्हणाले, "जाऊ दे ती जागा."

मला वाटलं पैशाची अडचण असेल. तसं विचारलंही. "पैशाचं नाही गं," ते म्हणाले. "एवढ्या लांब एकटी कशी राहणार तू? आणि कशाला? इथे कॉलेज आहे. सकाळी कॉलेज करशील, दुपारनंतर माझ्याकडे बसशील. शिक्षण संपेल तेव्हा माझी सगळी प्रॅक्टिस तुझ्या हातात येईल. कोणाला मिळतं असं?"

"मग क्लॅटला बसवलंच कशाला?"

"अभ्यास होईल म्हणून. तोच अभ्यास सीईटीला चालतो." आणि मग, अशिलाला पुढची तारीख सांगावी तितक्या सहज ते म्हणाले, "मला वाटलं नव्हतं तुझा नंबर लागेल."

"आणि पसंतीक्रम? रोज बसून विचारत होतात मला, हे वर का, ते खाली का."

"तू एवढ्या आवडीनं करत होतीस. कसं नाही म्हणणार?"

मी पुन्हा फोन मागितला. त्यांनी तो खिशात ठेवला. आतून त्यांना कोणीतरी हाक मारली आणि "आलो" म्हणून ते गेले. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. तिथून कुठे जायचं ते सुचेना. मुदत संपली तेव्हा मी त्याच बाकावर होते. संध्याकाळी त्यांच्याच गाडीत बसून घरी आले. वाटेत त्यांनी गाडी थांबवून माझ्या आवडीचे आंबे घेतले, चांगले वास घेऊन, निवडून.

जेवताना मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती ताटाकडे बघत म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"तुझ्या परीक्षेच्या आधीपासून. ते म्हणाले होते मला, एवढं कुठे लागतंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"वाटलं, नंबर लागला नाही की प्रश्नच मिटेल. आधीच कशाला तुझं मन मोडायचं?"

तिला हे दयाळूपणाचं वाटत होतं. मला मात्र सगळं वर्ष उलटं दिसायला लागलं. परीक्षेच्या दिवसांत ती मला रोज बदाम भिजवून द्यायची. पप्पा केंद्रावर सोडायला आले होते, पाण्याची बाटली हातात देऊन "शांत डोक्यानं सोडव" म्हणाले होते. आणि दोघंही मनातून मी नापास होण्याच्या भरवशावर होते.

सीईटीच्या प्रवेशाला मी पुण्याची, मुंबईची, नागपूरची कॉलेजं भरली. नाशिकचं एकही नाही. पप्पांनी बघितलं, वाद घातला नाही, आणि मला पुण्याला प्रवेश मिळाला तेव्हा फी वेळेवर भरली. "पुणं काय, जवळच आहे," एवढंच म्हणाले. आता मी पुण्यातच एका वकिलांकडे काम करते. पप्पा अडलेल्या दाव्यांबद्दल फोन करतात, मी निकाल शोधून देते. आमचं बोलणं चांगलं चालतं. फक्त मी काय करायच्या विचारात आहे, हे त्यांना कधी सांगत नाही. ते झालं की सांगते.

गेल्या हिवाळ्यात चांदवडला मोठ्या काकांच्या मुलाचा साखरपुडा होता. त्याची धाकटी बहीण बारावीला, क्लॅटची तयारी करणारी. जेवणाच्या पंगतीत मोठे काका कौतुकानं म्हणाले, "ही पण तुझ्यासारखीच वकील व्हायचं म्हणती. लय अभ्यास करती हां."

पप्पा लगेच पुढे झाले. "अरे, आमच्या हिला तर नॅशनलला नंबर लागला होता. हिनेच सोडलं. म्हणाली, आईवडिलांना टाकून एवढ्या लांब नाही जायचं."

त्यांच्या आवाजात खराखुरा अभिमान होता. मी आईकडे बघितलं. ती कढी वाढून घेत होती. म्हणजे ही गोष्ट ते बरीच वर्षं सांगत आले होते आणि तिनं ती बरीच वर्षं ऐकली होती.

"खरंच ताई?" त्या मुलीनं विचारलं. "मिळालेलं सोडलंस? का?"

"मी नाही सोडलं," मी म्हटलं. "यांनी पैसे भरले नाहीत. मुदत संपेपर्यंत फोन बंद करून बसले होते."

आसपासच्या चारदोन जणांनी माना वळवल्या. पप्पा हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "जुनं झालं ते सगळं." काकांनी जिलेबी वाढणाऱ्याला हाक मारली. ती मुलगी मात्र माझ्यावरची नजर काढून आपल्या वडिलांकडे वळली.

"बाबा, मला नंबर लागला तर पाठवाल ना?"

काका हसले. "आधी लागू तर दे."

ती हसली नाही. "नाही, आत्ता सांगा," ती म्हणाली आणि जिलेबीचं ताट पुढे आलं तरी काकांकडे बघत राहिली.

परतताना हायवेवर पप्पा म्हणाले, "एवढ्या लोकांत बोलायला नको होतंस."

मी म्हटलं, "तुम्हीही."

मागच्या सीटवर आई झोपली होती, किंवा डोळे मिटून बसली होती.